बॉनेटवरचा चहा

रविवारी संभाजीनगरच्या मैदानात जुन्या ट्रकांचे शौकीन जमले होते. मी एका लांब नाकाच्या ट्रकजवळ गेले, तर तापलेल्या डिझेलच्या वासानं मला थेट सिल्लोडच्या अंगणात नेलं.

माझे वडील, अण्णा, तसाच ट्रक चालवायचे. कापूस भरून निघण्याआधी ते इंजिन चालू करायचे आणि आईनं दिलेला चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवायचे. चहा नुसता थरथरला तर गाडी निघायची. सांडला तर इंजिनात खोट, मग मुक्काम.

मी लग्नानंतर सासरी परत जाणार, त्याच्या आदल्या दिवशी चहा सांडला.

"ऱ्हावा आता घरीच," आई म्हणाली.

"व्हय, ऱ्हावंच लागतंय," म्हणत अण्णांनी इंजिन बंद केलं. दिवसभर माझ्याशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिले. बॉनेट काही उघडलं नाही.

मैदानातल्या त्या चालू ट्रकच्या बॉनेटवर, मालकाला अण्णांची ही रीत सांगत, मीही हौसेनं चहाचा ग्लास ठेवला. चहा सांडला.

"मावशी, इंजिन ठणठणीत हाये," ट्रकचा मालक हसला. "तुम्ही ग्लासच काठोकाठ भरलाय."

आई रोज पाऊण ग्लास चहा द्यायची. त्या दिवशीचा ग्लास मात्र अण्णांनी तिच्याकडून दोन्ही हातांनी, जपून घेतला होता.