फायरवॉलमधली बरोबरची खूण

रिक्षा कलंडली आणि माझा उजवा पाय नडगीत मोडला, तेव्हा कोन गावाजवळच्या एका गोदामात नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली होती. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. गोदामात साबणाचे आणि शांपूचे खोके यायचे आणि तिथून दुकानदारांकडे जायचे. कुठल्या गाळ्यात किती खोके आहेत ते मी कॉम्प्युटरवर चढवायचे आणि रोज सकाळी अकराच्या आत कंपनीला साठ्याचा तक्ता पाठवायचे. त्याचा प्रोग्रॅम त्या एकाच कॉम्प्युटरवर होता आणि चालवता येत होता मला एकटीला.

डॉक्टरांनी दोन महिन्यांचं प्लास्टर सांगितलं. कामतघरच्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या मला पायापेक्षा खुर्चीची काळजी वाटायची. तिथे दुसरं कुणी बसलं, की त्याला उठवणार कोण?

कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक इंजिनीअर कल्याणहून यायचे, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "घरी ब्रॉडबँड आहे ना? मग घरूनच गोदामाच्या कॉम्प्युटरवर काम करता येईल. रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याला. पण तिकडची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, तुम्हाला आत घेणार नाही. तिला आधी तसं सांगून ठेवावं लागेल." ते स्वतः आठवडाभर बाहेरगावी होते. सगळ्या पायऱ्या त्यांनी मला फोनवर सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवून घेतल्या.

अडचण एवढीच होती, की हे सगळं गोदामातल्या कॉम्प्युटरसमोर बसून करायला हवं होतं. मुकादम गाड्या भरण्यात अडकलेला. गोदामाचे मालक म्हणजे शेठ; त्यांच्या दोन्ही मुलांचा ट्रकचा धंदा, ती रस्त्यावर. राहिले फक्त शेठ.

शेठ साठीच्या पुढचे. ही गोदामं त्यांच्याच भातशेतीवर उभी होती. दिवसभर ते ऑफिसच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. आत येऊन माझ्या टेबलाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मराठीतून.

मी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाय, मना इंग्रजी वाचता येत न्हाय."

"वाचू नका शेठ. अक्षराचा आकार सांगा, मी ओळखते."

"बरं. बसलो तुझ्या खुर्चीत. आता?"

तिथून पुढे दीड तास आम्ही दोघं एका पडद्यावर फिरत होतो. तो त्यांना दिसत होता, मला नाही. डाव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण त्यांना लगेच सापडलं. फायरवॉलचं चित्र विटांच्या भिंतीचं होतं, तेही सापडलं. "भिंत हाय आन् तिच्याम्होरं गोळा," ते म्हणाले. तो पृथ्वीचा गोल होता. आत गेल्यावर वर तीन पट्ट्या होत्या, त्यातली मधली दाबायची होती. तिथे नावांची यादी आणि प्रत्येक नावाआधी रिकामा चौकोन. रिमोट डेस्कटॉप कुठलं, हे कसं सांगावं? मी म्हटलं, "पहिलं अक्षर म्हणजे उभी काठी, तिला वर पोट आणि खाली एक पाय पुढे टाकलेला."

"हाय. खालून दुसरं."

"त्याच्या चौकोनात टिचकी मारा. बरोबरची खूण येईल."

"आली," ते म्हणाले. शाळेत तपासलेल्या वहीवर मिळावी तशी ती त्यांना वाटली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम खुलला होता.

मग पासवर्ड. त्या कॉम्प्युटरला तोवर पासवर्डच नव्हता, आणि पासवर्डशिवाय बाहेरून कुणाला घेणार नाही, असा त्याचा नियम. इंजिनीअरनी आणखी एक गोष्ट बजावली होती, ती मी शेठपासून लपवून ठेवली नाही. माझ्या घरचा इंटरनेटचा नंबर रोज बदलतो, त्यामुळे फक्त मलाच आत घे असं फायरवॉलला सांगता येत नव्हतं. "शेठ, हे दार जगासाठी उघडं राहणार. मध्ये आहे ते फक्त पासवर्डचं कुलूप."

ते म्हणाले, "मग कुलूप मी सांगतो. मोठीखार. हे आता कोनाच्या तोंडात न्हाय."

मोठीखार म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. एकेक अक्षर मी सांगितलं, एकेक त्यांनी शोधून दाबलं. शेवटी त्यांनी घड्याळाजवळच्या दोन छोट्या पडद्यांचं चित्र उघडून तिथला नंबर वाचून दाखवला. आकडे इंग्रजी असले तरी त्यांना येत होते. मी तो इकडे टाकला, पण काहीच होईना. दोनदा, तीनदा. तिथे दोन नंबर होते, एक इंटरनेट कंपनीच्या यंत्राचा आणि एक आपल्या कॉम्प्युटरचा. शेठनी वरचा वाचला होता. खालचा घेतला तरी होईना. मग वही पुन्हा पाहिली. फायरवॉलच्या पहिल्याच पानावर, कुणालाही सवलत देऊ नको, असा एक चौकोन होता आणि त्यात पूर्वीच कुणीतरी खूण करून ठेवलेली. शेठनी ती काढली.

आणि माझ्या घरातल्या पडद्यावर गोदामाचा पडदा उघडला. तेच निळं आकाश, तीच माझी फायलींची गर्दी. मी काही बोलणार इतक्यात फोनवर शेठ ओरडले, "बाय, बंद पडला! समदं गेलं!"

मी आत शिरले, की तिकडचा पडदा कुलूपबंद होतो, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेनऊला शेठचा फोन यायचा. गोदामाचा इंटरनेटचा नंबरही रोज बदलायचा. ते चार तुकड्यांत वाचायचे, मी परत म्हणून दाखवायचे आणि कामाला लागायचे. मुकादम आल्या-गेल्या गाड्या फोनवर सांगायचा. एकही तक्ता चुकला नाही.

पंधरवडा झाला असेल. भर दुपारी काम करता करता मी अचानक बाहेर फेकली गेले. तिकडे कुणी पासवर्ड टाकून बसलं, की असं होतं. आणि पासवर्ड माझ्याशिवाय एकालाच माहीत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. माझ्या मनात नको ते यायला लागलं. घरी बसून ही काय करते, खरंच काम करते का, हे शेठ बघत असणार. सहा वर्षांत एक खोका इकडचा तिकडे झाला नव्हता. फार लागलं ते मला.

चौथ्या दिवशी बाहेर पडल्यावर मी अर्धा तास थांबले आणि परत आत गेले. पडद्यावर एक नवं पान उघडं होतं. त्यावर इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक, शब्द लिहिलेले होते. पहिला मोठीखार. मग चिंचेची. बांधावरची. दगडी. लांबडी. खाली अजून चार-पाच. काहींत अक्षरं गळलेली, एकात तर एकच अक्षर सात वेळा उमटलेलं.

ती शेतांची नावं होती. लांबडी वाचल्यावर मला कळलं.

गोदाम ज्या गावात, माझं माहेर त्याच गावातलं, बौद्धवाड्यातलं. आई लग्न होऊन आली तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतांत मजुरीने लावणीला जायची. लांबडीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. "लांबडीत उतरलं की कंबर मोडायची, दुसरं टोक काही येत नसे," असं ती सांगायची. आणि त्या शेतावर मी सहा वर्षं चप्पल घालून, हातात पाकीट हलवत, कामावर जात होते. आम्ही त्याला गाळा नंबर पाच म्हणायचो.

मी शेठना फोन लावला. रागाचे शब्द तयार होते, ते कुठे गेले कळलं नाही. म्हटलं, "शेठ, हे पान सेव्ह करू का?"

ते ओशाळले. "तुला दिसतंय व्हय ते? कुलूप दाबता दाबता वाटलं, एक नाव लिवता आलं तर बाकीची बी येतील. नवी अक्षरं मुकादमाला इचारली. पोरांना ठावं न्हायीत. त्यांच्यासाठी समदं गाळा नंबर."

"लांबडी माझ्या आईला माहीत आहे. लावणी केली आहे तिने त्यात."

पलीकडे गाडी मागे घेताना हमालांचं "आने दो, आने दो" ऐकू येत होतं. शेठ म्हणाले, "तुझी आय होती व्हय त्यात." आणि मग, "पानी फार असायचं. बायांचे पाय सडायचे." माफीचा सूर नव्हता तो, आणि मीही तसा काढला नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी आईबद्दल काही बोललेलं हे पहिलंच.

"तिला इचार," ते म्हणाले, "लांबडीच्या अंगाला एक तुकडा होता. नाव आठवत न्हाय."

संध्याकाळी मी आईला विचारलं. तिला क्षणही लागला नाही. "वाकडी," ती म्हणाली. मी पान उघडून लांबडीच्या खाली वाकडी लिहिलं आणि सेव्ह केलं.

प्लास्टर निघाल्यावर मी कामावर परतले. इंजिनीअरनी येऊन फायरवॉलमधली ती खूण काढली, दुसरा पासवर्ड घातला आणि इतके दिवस ते दार जगासाठी उघडं ठेवल्याबद्दल मला रागावलेही. शेठ पुन्हा दाराबाहेरच्या खुर्चीवर गेले. त्या दुपारी ते मला काठीसकट गोदामांच्या आवारात घेऊन गेले आणि कुठलं शेत कुठून कुठवर होतं, ते हाताने दाखवत फिरले. वाकडीवर आता वजनकाटा होता.

शेठ माझं काम तपासायला बसत नव्हते, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही असेल, नावं लिहिणं आणि तपासणं. मी त्यांना ते कधी विचारलं नाही.