फ्लाइंग टाइम पस्तीस मिनिटं

मी धर्माबादचा. हवालदार म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी हेलिकॉप्टर युनिटच्या ग्राउंड क्रूमध्ये गेली. आमच्यात अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. नांदेड ते लातूर किती? फ्लाइंग टाइम पस्तीस मिनिटं. हवामान, क्लिअरन्स, थांबणं, यातलं काहीच त्यात धरत नाहीत. बाहेरच्या माणसाशी या हिशोबानं बोलू नये, एवढी अक्कल मला नव्हती.

नाईक मिलिंद माझ्याच युनिटचा, किल्लारीकडचा. हेलिपॅडवरचा बर्फ फावड्यानं ओढताना म्हणायचा, "उस्ताद, आमच्या मायला एकदा ह्यात बसवायचं हाय." त्याच हेलिपॅडवर हिमकडा कोसळून तो गेला. मी मराठवाड्याचा, म्हणून एस्कॉर्ट ड्यूटी मला लागली.

सकाळी आठला शवपेटी घेऊन विमानानं नांदेडला उतरलो. पुढं हेलिकॉप्टरनं जायचं होतं. मिलिंदच्या मायचा फोन आला.

"कुठवर आलास रं लेकरा?"

"नांदेडला, माय. पस्तीस मिनिटं लागतात."

"मग बसते म्या. त्येचं तोंड बघूनच तोंडात पाणी घेईन."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. माय शुगरची पेशंट, सकाळचं इन्सुलिन टोचून उपाशीच बसलेली. हे मला नंतर कळलं.

ढग लई खाली आले होते. पायलटनं रेडिओवर उड्डाणाची परवानगी विचारली.

"क्लिअरन्स?"

"नेगेटिव्ह. स्टँड बाय."

सोबत दिलेल्या लष्करी गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, रोडनं निघू. चार घंट्यांत गावात."

"नाही. मिलिंद हेलिकॉप्टरनंच जाईल."

मिलिंदचा मान म्हणून अडून बसलो, असं लोकांना सांगितलं. खोटं आहे ते. गावात हेलिकॉप्टर उतरताना लोकांनी मलाही बघावं, ही माझी हौस होती. मायचे आणखी दोन फोन आले. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. आता निघतोच, पस्तीस मिनिटं.

अकराला उड्डाण रद्द झालं. गाडीनं निघालो. औसा ओलांडल्यावर पुलाचं काम चालू होतं, एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक जीप हॉर्न वाजवत सुसाट आली. मी खिडकीतून हात काढून ओरडलो, "बाजूला घे! दिसत नाही का, जवानाची गाडी हाय!"

जीप मागं सरकली. तिच्या ड्रायव्हरनं हात जोडले. आम्ही पुढं गेलो.

त्या जीपमध्ये माय होती. साखर उतरून बेशुद्ध. तिला लातूरच्या दवाखान्यात नेत होते.

गावात पोचल्यावर मिलिंदच्या वडिलांनी सांगितलं. "जेव म्हणलं, तर म्हणायची, आलाच की त्यो, अर्ध्या घंट्याची तर गोष्ट हाय."

सायंकाळ झाली तरी माय शुद्धीवर आल्याचा निरोप नाही. म्हातारा उठला. "लेकराला अजून किती ताटकळत ठेवता? करा आता." बुद्धवंदना झाली. सलामी झाली. माय दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. पोराचं तोंड तिला दिसलं नाही.

म्हाताऱ्यानं तीच पिठलं-भाकरी माझ्यापुढं ठेवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही त्या घरात मान वर करून बसता येत नाही मला.

दरवर्षी मिलिंदच्या पुण्यस्मरणाला जातो. नांदेडहून एसटीनं. बसमध्ये चढलो की फोन करतो, "माय, निघालो." किती वेळ लागंल, हे ती कधीच विचारत नाही.

"ये बाबा सावकाश," म्हणते. "म्या जेवून घेते."