जानोशातले बारा पाहुणे

"आमच्या जानोशात हा कोटवाला कोन झोपून राह्यला, ते सांगा आधी!"

वऱ्हाडाच्या उताऱ्यासाठी ठरलेल्या धर्मशाळेच्या दारात उभा राहून नवरदेवाचा मामा ओरडत होता. त्याच्या आवाजाने समोरच्या पिंपळावरचे बगळे जे उडाले ते थेट नाचणगावला जाऊन बसले, असं लोक सांगतात. मामाच्या मागे अख्खं वऱ्हाड होतं, रोहण्याहून ट्रकमध्ये उभ्याने आलेलं, भुवयांपर्यंत धुळीने माखलेलं. मामाच्या पुढे गादीवर, तक्क्याला टेकून, गळ्यात मोगऱ्याचा हार आणि कानात अत्तराचा फाया घालून आमचे मुंबईचे साहेब घोरत होते. मी खांबाआड होतो. माझ्या सायकलचं पुढचं चाक फाटकाबाहेर आणि मागचं आत, आणि माझ्या जिवाचंही तेच.

हे असं का झालं ते सांगतो. थोडं मीठमसाला लागेल, पण बिनमिठाचं मला आजवर जमलेलं नाही.

मी तेव्हा वर्ध्याला ऑइल इंजिनं आणि पंप विकणाऱ्या एका दुकानात कारकून होतो. कारकून म्हणजे उमेदवार, आज आहे उद्या नाही. लग्न होऊन दोन उन्हाळे गेले होते, पण बायको केळझरला, तिच्या वडिलांच्याच घरी. सासऱ्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं : नोकरी पक्की झाल्याबिगर पोरगी धाडणार नाई. शेटजींचं म्हणणं त्याहून लहान होतं : बघू. या दोघांच्या मधे केळझरच्या रस्त्यावर सायकल मारून मारून मी इतका वाळलो होतो की उलटा वारा सुटला की सायकल पुढे जायची आणि मी मागे राहायचो.

अशात मुंबईहून इंजिनच्या कंपनीचं पत्र आलं. रायपूर-जबलपूरपासून अकोल्यापर्यंतचे अकरा एजंट आठ दिवस आमच्या दुकानाच्या आवारात येणार, इंजिन खोलायला, जोडायला आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायला शिकणार. शिकवायला एक साहेब. सगळ्यांची हॉटेलात उत्तम सोय व्हावी. शेटजींनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि सांगितलं की हे नीट पार पाडलं तर तुला कायम करतो, पण एक जरी पाहुणा स्टेशनच्या बाकावर निजला तर तूही त्याच्या शेजारी पथारी टाक.

मुंबईवाल्यांना कोण सांगणार? आमच्याकडे हॉटेलात कपभर चहा मिळे, चिवडा मिळे, आणि बाकड्याखाली निजायची जागा होती तीही हॉटेलवाल्याच्या कुत्र्याने अडवलेली. स्टेशनाजवळ दोन लॉज होते. एकात सूतकताईच्या शिबिराला आलेली मंडळी जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा निजली होती, आणि त्यातला वरच्या पायरीचा मला म्हणाला की खालची पायरी परवा रिकामी होते, नाव लिहून ठेवू का. दुसऱ्या लॉजात जागा भरपूर होती, पण तिथले ढेकूण एवढे की रात्री खाट एका भिंतीपाशी असली तर सकाळी दुसऱ्या भिंतीपाशी सापडे. सरकारी बंगला कोणा अधिकाऱ्याच्या दौऱ्यासाठी अडलेला. दुकानाचं गोदाम म्हणाल तर तिथे मीच निजत होतो, दोन खोक्यांवर. तिसऱ्या खोक्यावर पाय टेकायला शेटजींची परवानगी लागे.

सहा दिवस मी गावभर फिरलो. झोप नाही, जेवण उभ्याने. ज्या दारासमोर सायकल थांबवावी तिथे मांडव पडलेला, कारण वैशाख होता आणि त्या वर्षी जिल्ह्यात कोणी बिनलग्नाचं राहायचंच नाही असं ठरलं होतं. रविवारी सकाळी गाडी यायला तासभर उरला, तेव्हा मी धर्मशाळेच्या म्हाताऱ्या रखवालदारापुढे उभा होतो. त्याचा नियम पक्का. यात्रेकरूला जागा, वऱ्हाडाला जागा, व्यापाऱ्याला नाही. मागे एक सरकीचा दलाल दोन दिवसांसाठी म्हणून उतरला तो पाच महिन्यांनी निघाला, तेव्हापासूनचा हा नियम.

"कोन लोक हायेत तुमचे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वऱ्हाड आहे," मी म्हणालो. जीभ माझीच होती, पण बोललं दुसरंच कोणीतरी.

"कोनीकडचं?"

मी हवेत हात फिरवला. "आर्वीकडचं."

"असं सांगा ना मंग, रोहण्याचं," म्हातारा खुलला. "तुमच्यासाठीच त झाडून ठेवलं."

तिथेच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. खरं वऱ्हाड याच खोल्यांत उतरणार होतं. पण तिकडे गाडीची शिट्टी झाली. मी मनात हिशेब केला की वऱ्हाड आजवर वेळेवर आलेलं कोणी पाहिलं नाही, संध्याकाळपर्यंत काहीतरी सुचेल. मी मान डोलावली आणि स्टेशनकडे पळालो.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. जानोशात वऱ्हाड उतरलं की रखवालदार मुलीच्या घरी निरोप धाडतो. मी बारा पाहुण्यांना टांग्यांतून उतरवून घेतोय तोवर मुलीकडची पंचवीस माणसं वाजंत्री घेऊन हजर. वराकडच्यांचे चेहरे ओळखणारे मुलीचे वडील तेवढे मांडवात अडकलेले. तांब्याच्या घंगाळात पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. साहेब वयाने मोठे, अंगात कोट, तेव्हा तेच नवरदेवाचे वडील, यावर कोणी वाद घातला नाही. दोघांनी त्यांचे बूट काढले, मोजे काढले आणि पाय धुतले. साहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दात काढून हसलो, आणि त्यांनी दुसरा पायही पुढे केला.

मग शेवया आल्या, कढीवडे आले, चहा तीनदा आला. रायपूरच्या एजंटाला कोणी पंखा घालत होतं, अकोल्याच्या एजंटाला पानाचा विडा कोणी हातात न देता तोंडातच भरवत होतं. जबलपूरचा एजंट डोळे पुसत मला म्हणाला, "भाईसाहब, इतना तो ससुराल में भी नहीं हुआ." मी बारा वेळा फाटकापर्यंत गेलो आणि बारा वेळा परत आलो. रस्त्यावर कुठेही धूळ उडाली की मला तिच्यात ट्रक दिसायचा.

चार वाजता खराच आला.

मामाचं ओरडणं ऐकून मुलीचे वडील धावत आले. ते शाळामास्तर होते, साधे, धोतर अर्धवट खोचलेलं. त्यांनी एकदा धुळीतल्या वऱ्हाडाकडे पाहिलं, एकदा हारातल्या साहेबांकडे, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. मामा म्हणत होता की ट्रक तोंड फिरवून उभा आहे, जिथे आमचा मान वाटेवरच्या कोणालाही देतात तिथे आमचा पोरगा उभा राहणार नाही. गोरज मुहूर्ताला दोन तास उरले होते.

मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "हे वऱ्हाड हाय असं कोनं सांगतलं?"

रखवालदाराने खांबाकडे पाहिलं. सायकल बाहेर काढायला एक ढकल पुरे होती. बाहेर पडलो असतो तर नोकरी वाचली असती की नाही ठाऊक नाही, पण बोललो तर जाणार हे नक्की होतं, कारण साहेब जागे होऊन बसले होते, आणि त्यांना मराठी येत नाही हे त्या घाईत मला आठवलंही नाही. मला केळझरचं घर दिसलं आणि त्याचं दार लागताना दिसलं. मग मास्तरांचं अर्धवट खोचलेलं धोतर दिसलं. सायकल भिंतीला लावली.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "वऱ्हाड नव्हतं. माझ्या माणसांना जागा मिळत नव्हती."

मामाने मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाला, "ज्यानं आमचा मान दुसऱ्याले देल्ला, त्यानंच आता आमचे पाय धुवा. एकूण एक."

धुतले. साठ माणसं, एकशे वीस पाय, रोहण्यापासूनची धूळ. निघालेल्या मातीत एक एकर कपाशी सहज आली असती. शेवटी मामाचे पाय आले, ते मी दोनदा धुतले, आणि दुसऱ्यांदा धुताना तो हसला. ट्रकचं इंजिन बंद झालं.

राहिले माझे बारा. मी त्यांच्या वळकट्या गोळा करायला लागलो, तर मास्तरांनी हात धरला. "माह्या पोरीच्या लग्नाचं ज्यायनं खाल्लं, ते माहे पाव्हणे. त्याईले स्टेशनवर कसा धाडू?" गल्लीतल्या बारा घरांनी एकेक पाहुणा वाटून घेतला आणि आठही दिवस ठेवला. रोज सकाळी मी बारा दारं वाजवून त्यांना गोळा करी, आणि एकही घर न्याहारीशिवाय सोडत नसे. शिकवणी एकदासुद्धा वेळेवर सुरू झाली नाही.

आठव्या दिवशी मी राजीनामा लिहूनच दुकानात गेलो. साहेब शेटजींशी बोलत होते. ओरडणं, रुसणं, ट्रक, यातलं साहेबांना काही कळलं नव्हतं. तो सगळा त्यांना स्वागताचाच भाग वाटला होता. ते शेटजींना सांगत होते की या कारकुनाने साठ पाहुण्यांचे पाय स्वतः धुतलेले मी डोळ्यांनी पाहिले. शेटजींनी दौत पुढे ओढली. मग कायमचा हुकूम लिहून दिला. राजीनामा मी खिशातच फाडला.

त्याच दुपारी केळझर. तापलेल्या रस्त्यावर टायर वितळून मागे काळी रेघ उमटत होती, ती अजून आहे म्हणतात. सासरे ओसरीवर सुतळी वळत बसले होते. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. हुकूम त्यांच्या पुढ्यात ठेवून मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, श्वास न घेता. बाराचे चोवीस केले, साठाचे दोनशे. सासऱ्यांनी हुकूम वाचला, घडी घातली, परत दिला आणि सुतळीला पुन्हा पीळ दिला.

"चोवीस माणसाईची सोय लावली म्हंता, जवाईबापू," ते म्हणाले. "मंग तिची सोय कोठं लावली?"