बोळातलं सकाळचं ऊन

कॉलेजात असताना मी महाद्वार रोडलगतच्या एका बोळाचं चित्र काढलं होतं. संध्याकाळचं तिरपं ऊन, पितळी भांड्यांचं दुकान आणि त्यावर ओढलेला ताडपत्रीचा पडदा. दुकानाच्या मालकांना ते फार आवडलं, म्हणून त्यांनाच देऊन टाकलं. पस्तीसेक वर्षं ते त्यांच्या दुकानात टांगलेलं होतं.

गेल्या वर्षी मालक वारले. महिन्याभरानं त्यांचा मुलगा ते चित्र चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. पेठेत सगळे मला बाईच म्हणतात. "बाई, ह्यात वडलांना बसवा की," तो म्हणाला. त्याच्या आईची तशी इच्छा होती.

मी चित्र पाहिलं आणि अडले. दुपारनंतर ऊन थेट दुकानात शिरायचं, म्हणून मालक पडदा ओढून आत बसायचे. बाहेर पायरीवर बसून कळश्या पुसायचे ते सकाळी. संध्याकाळच्या उन्हात त्यांना बसवलं असतं, तर ते त्यांचं चित्र झालंच नसतं. मी म्हटलं, ह्याला हात लावणार नाही, सकाळचं नवीन काढून देते.

बोलून बसले खरी. दुसऱ्या दिवशी रंगाची पेटी घेऊन बोळात गेले, तर तिथला उजेडच बदललेला. पूर्वी समोर चुन्याची जुनी पिवळट भिंत होती. सकाळचं ऊन तिच्यावर पडून मऊ होऊन दुकानात यायचं. आता तिथं मोबाइलचं दुकान, दर्शनी भाग सगळा काचेचा. पितळसुद्धा निळसर, थंड दिसत होतं. आठवडाभर आठवणीतून रंगवून पाहिलं. तीन कागद फाडले. मुलगा म्हणाला, ऱ्हाऊ दे बाई, जुनंच चांगलं हाय. पण आता मला राहवणार नव्हतं.

घरातली एक पिवळट पडलेली चादर घेऊन मी मोबाइलवाल्याकडे गेले आणि तासभर काचेवर बांधू का, असं विचारलं. त्यानं आधी मला नीट न्याहाळलं, मग स्वतःच शिडी आणली. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. चादर ताणून बांधली आणि समोरच्या कळश्यांवर हलका पिवळा उजेड पसरला.

मालकीणबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या. नवऱ्याच्या जागी पायरीवर बसल्या, एक कळशी मांडीवर घेतली.

"असंच ऊन असायचं," त्या म्हणाल्या. "कळशीत बघून मिशी नीट करायचे. त्यांना वाटायचं, कुणी बघत न्हाय."

पुढचे अकरा दिवस रोज तासभर चादर बांधली. बाराव्या दिवशी चित्र त्यांच्यापुढं ठेवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, खांदे जरा रुंद झालेत. मी ब्रश उचलला, तर त्यांनी हात धरला. लग्नात तेवढेच होते म्हणाल्या.