धोक्याचा रकाना

लालबागच्या आमच्या गल्लीत खोकल्याला आजार म्हणत नाहीत. होळी झाली की घरोघरच्या बायका वर्षाचा मसाला करायला मिरची घेऊन येतात. डंक सुरू होतात, म्हणजे लोखंडी मुसळांची ती उभी यंत्रं दिवसभर मिरची कुटत राहतात, आणि गल्लीत शिरणारा प्रत्येक माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही मात्र लावत नाही. गिऱ्हाईक रुमाल लावून बाहेर उभं आणि मालक आत उघड्या तोंडाने बसलेला, हीच आमच्या मालाची जाहिरात. मालकानेच नाक झाकलं तर मिरचीत काहीतरी मिसळलंय असं लोकांना वाटणार. त्यामुळे सीझनभर आम्ही सगळे खोकतो आणि त्याला ‘धंद्याचा खोकला’ म्हणतो. पाऊस लागला, डंक थंडावले, की तो आपोआप जातो, असं आम्ही सगळे धरून चालतो.

यंदा ह्यांचा गेला नाही.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या मसाला कांडपवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. आणि मी त्या संघटनेची चिटणीस. नवरा अध्यक्ष आणि बायको चिटणीस म्हटल्यावर लोक गालातल्या गालात हसतात, पण सगळ्यांचं बोलणं शांतपणे ऐकून ते धड अक्षरात लिहिणारं दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी मुळात भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अवेळी फोन वाजला की मी तो दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावते. लिफ्टमध्ये मी एकटी चढत नाही. कुणाला यायला थोडा उशीर झाला की मी मनातल्या मनात इस्पितळापर्यंत जाऊन येते. घरात याची इतकी थट्टा झाली आहे की मला खरोखर कशाची भीती वाटली तरी कुणी मनावर घेत नाही. ह्यांच्या खोकल्याबद्दल मी बोलायला लागले तेव्हाही तेच झालं.

पण त्या भीतीला कारण होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे खाटेवर बसून, पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचे. तेही डंकावरच बसायचे. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं. मीही तसंच म्हणत आले. या वर्षी आषाढात एकदा हे चाळीच्या जिन्यात मधल्या पायरीवर थांबले आणि कठड्याला हात लावून उगाचच खाली रस्त्यावर बघत राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासरे गेले तेव्हा त्यांचं वय ह्यांच्या आजच्या वयाहून फार जास्त नव्हतं. त्यापुढे विचार करायची माझी हिंमत झाली नाही.

आषाढात आमची नियोजन सभा असते. डंक बंद असतात, माणसं मोकळी असतात, आणि पुढच्या सीझनची मिरची कुठून आणायची, एकत्र ट्रक मागवायचा की ज्याने त्याने आपापलं बघायचं, दर काय ठेवायचा, हे सगळं त्या एका दिवशी ठरतं. सभेची आमची एक रीत आहे. येताना प्रत्येक सभासद आपल्या डंकावरचा मूठभर मसाला आणतो. तो सगळा एका परातीत ओतायचा, अध्यक्षांनी तो हाताने कालवायचा आणि त्याच मसाल्यात दुपारचं मटण शिजवायचं. म्हणजे कुणाचा मसाला सरस हा वाद त्या दिवसापुरता तरी मिटतो. आणि एकदा परात कालवली की सभेत अभद्र बोलायचं नाही. पुढच्या वर्षाचा मसाला ऐकत असतो, असं जुनी माणसं सांगतात. हे पाळलं नाही म्हणून काही झालं, असं मी कधी ऐकलेलं नाही, पण ते मोडायची छातीही कुणी केलेली नाही.

यंदाची सभा साधी नव्हती. आमच्या गल्लीमागे टॉवर उभा राहिला आहे आणि वरच्या मजल्यांवरच्या लोकांना आमच्या मिरचीने शिंका येतात. त्यांच्या तक्रारी वाढल्या तसं हे अस्वस्थ व्हायला लागले. शेवटी ह्यांनी ठरवलं की या वेळी एका वर्षाचं नाही, तीन वर्षांचं नियोजन करायचं. मागच्या गल्लीत नव्या इमारतीचं तळघर मिळत होतं. सगळे डंक तिथे हलवायचे, चारही बाजूंनी बंद, धूळ बाहेर जायलाच नको. वर काउंटरवर मिरची घ्यायची, खाली कुटायची. आणि पहिला सीझन खाली कोण बसणार, तर अध्यक्ष स्वतः. हे मला त्यांनी जेवताना इतक्या उत्साहात सांगितलं की माझ्या हातातला घास हातातच राहिला. उघड्या गल्लीत बसून ज्या माणसाचा खोकला जात नव्हता, तो माणूस बंद तळघरात बसणार होता.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी विषय काढला.

“अहो, उद्या सभेच्या आधी जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? परळलाच तर जायचंय.”

“सभा होऊ दे.”

“मागे म्हणालात, सीझन होऊ दे.”

“मग झाला ना सीझन?”

“सीझन झाला, खोकला कुठे गेला?”

“अगं, धंद्याचा खोकला तो. यंदा मिरची तिखट होती.” मग माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागले. “तुला काय, मांजर आडवं गेलं तरी ताप येतो.” हसता हसता खोकला सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. खोकला थांबल्यावर त्यांनी पाणी घेतलं आणि तळघरात हवेसाठी पंखा कुठे बसवायचा ते मला समजावून सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. तीन वर्षांचं नियोजन कसं करतात ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून खजिनदारांच्या सूनबाईंना बोलावलं होतं. त्या लोअर परळच्या एका ऑफिसात कंपन्यांना अशीच नियोजनं करून देतात. मुलगी हुशार आणि गोड बोलणारी. तिने पांढऱ्या बोर्डावर चार रकाने आखले आणि वर नावं लिहिली: बळ, उणिवा, संधी, धोके.

त्याआधी परात कालवून झाली होती. हे खाली बसून दोन्ही हातांनी मसाला एकत्र करत होते तेव्हा त्यांना ठसका लागला. तोंड बाजूला वळवून, खांदे आवळून खोकत राहिले. सगळे जमिनीकडे बघत थांबले. कुणीतरी “धंद्याचा खोकला” म्हणालं, बाकीचे हसले, आणि हे लाल झालेले हात तसेच पुढे धरून खुर्चीवर येऊन बसले. मी समोर कागद घेऊन होते. वर लिहिलेली तारीख पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

बळाचा रकाना तर भराभर भरला. आमच्या चवीला तोड नाही, गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्याचं, मिरची डोळ्यांसमोर कुटून मिळते. उणिवांवर थोडी भांडणं झाली, ती दरवर्षीच होतात. संधीत एकाने ऑनलाइन विक्री सांगितली आणि आपल्या मुलाची तारीफ करून घेतली. मग सूनबाईंनी चौथ्या रकान्यावर खडूसारखं ते पेन टेकवलं आणि विचारलं, “आता धोके सांगा.”

पुढच्या रांगेतला एक जण चहाचं बघायला उठला.

“म्हणजे पुढच्या तीन वर्षांत आपलं काय वाईट होऊ शकतं? काहीही सांगा. तयार मसाल्याची पाकिटं, मॉल…”

“पाकिटांचं काय घेऊन बसलीस! आपल्यापुढे ती टिकतात कुठे?” असं म्हणून एक जण परत बळाच्या रकान्यात शिरला. सूनबाईंनी पुन्हा विचारलं. लोक परातीकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. शेवटी खजिनदार वैतागले. “सूनबाई, तिथे देवाची कृपा लिही आणि पुढे चल.”

धोक्याच्या रकान्यात देवाची कृपा! एरवी मला हसू आवरलं नसतं. पण ह्यांनी घसा साफ केला आणि तळघराची योजना सांगायला उठले. एक वाक्य झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला आवाज अडकला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. जिन्यात कठडा धरला होता अगदी तशीच.

मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. धैर्यबिर्य काही नव्हतं. मनात एवढंच येत होतं की आता ही योजना मंजूर झाली तर ती माझ्याच अक्षरात लिहिली जाणार. मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, “चौथ्या रकान्यात खोकला लिहा.”

सूनबाईंना ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणाले आणि या वेळी माझा आवाज भलताच मोठा आला. “खोकला लिहा. धंद्याचा.”

“वहिनी,” खजिनदार हळू आवाजात म्हणाले, “परात कालवलीय.”

“दिसतंय मला. तुमच्यातल्या कुणाकुणाचा खोकला या पावसात गेला नाही, तेवढं हात वर करून सांगा. मग नका लिहू हवं तर.”

एकही हात वर झाला नाही. हे माझ्याकडे असे बघत होते की लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तसे कधी बघितले नव्हते. चार माणसांत मी त्यांना उघडं पाडलं होतं. आता घरी गेल्यावर काय होईल याची एक नवीच भीती मला वाटायला लागली, आणि खोकल्याची होती ती तर जागच्या जागी होतीच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकी उठल्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्या डंक चालवतात. सभेत सहसा बोलत नाहीत, जेवणाचं बघतात.

“बायो, लिव तू,” काकी सूनबाईंना म्हणाल्या. “आमच्या ह्यांचो खोकलो काय पावसात गेलो नाय. ह्येच गेले.”

त्या बसल्या. मग खिडकीजवळचा एक हात वर आला, कोपरातून अर्धाच. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी. मला मोजवले नाहीत. ऑनलाइनवाल्याचाही होता. खजिनदारांनी आधी सुनेकडे बघितलं, मग छताकडे, आणि मग आपलाही हात वर केला. सूनबाईंनी बोर्डावर ‘खोकला’ लिहिलं तेव्हा हॉलमध्ये दोघंतिघं खोकत होते, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

ह्यांनी हात वर केला नाही. हे खुर्चीत परत बसले होते, लाल हात मांडीवर तसेच होते.

ठराव खजिनदारांनीच मांडला. आधी सगळ्यांनी छाती तपासून घ्यायची, धूळ खेचून घेणारं यंत्र कुठे मिळतं ते बघायचं, तळघराचं नंतर. अध्यक्षांनी “मंजूर” म्हटलं आणि मी लिहून घेतलं. मटण झक्कास झालं होतं असं सगळे म्हणाले. मी ताटात नुसती चिवडत बसले. घरी आल्यावर हे सरळ आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले. रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी चहा घेऊन गेले तर हे दाढी करून, लग्नकार्याला घालतात तो शर्ट घालून बसले होते.

“काय कागदबिगद लागतात ते घे,” म्हणाले. “आणि छत्री घे.”

परळच्या इस्पितळात गर्दी होती. बाकावर आम्ही शेजारी बसलो. हे भिंतीवरच्या सूचना वाचत होते, एकदा वाचून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. आमचा नंबर आला. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “खोकला कधीपासून?”

मी होळीपासून म्हणायला तोंड उघडलं.

“मागच्या गणपतीपासून,” हे म्हणाले.

मी वळून बघितलं. डॉक्टरांनीही मान वर केली. “म्हणजे वर्ष होत आलं. आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“दुपारी यायचा जास्त. तेव्हा गिऱ्हाईक नसतं. मी रिकामा डंक लावायचो आणि त्या आवाजात खोकून घ्यायचो.” हे माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेशी बोलत होते. “घर दुकानाच्या वरच आहे ना. हिला ऐकू गेलं असतं. ही फार घाबरते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ह्यांनी शर्टाची बाही सारखी केली.

“मीपण घाबरतो,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आणि कागद ह्यांच्यासमोर ठेवला. तो ह्यांनी उचलला नाही, म्हणून मी उचलला.