कडुलिंबाजवळचा गुलाबी दुपट्टा

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलेय... आज हसायची पाळी तुमची.

माझं कामच नजरेचं. लांबून कोणी येत असेल तर डोळ्यांना आधी ठिपका दिसतो, मग तो माणूस आहे हे कळतं, आणि अगदी शेवटी कोण ते. किती अंतरावर काय कळेल, याचं कॉम्प्युटर मॉडेल आमची टीम बनवते. गेल्या भाऊबीजेला मोर्शीजवळ माहेरी होते, म्हटलं आईवरच चाचणी घेऊ. घरासमोर संत्र्याची बाग, तिच्या कडेने सरळ रस्ता, पार टोकाच्या कडुलिंबापर्यंत. सकाळच्या उन्हात नवऱ्याने तिथून चालत यायचं, आईने ओट्यावरून ओळखायचं.

आई बसली आणि लगेच म्हणाली, "दादा येऊन राह्यला! खांद्यावर गुलाबी दुपट्टा हाय. डोकं उघडंच."

दादा म्हणजे माझा मामा, बार्शीटाकळीचा. माझ्या लग्नात त्याला मानाचा दुपट्टा-टोपी द्यायचंच गडबडीत राहून गेलं. तो रुसला तो रुसलाच! दुपट्टा-टोपी आईच्या पेटीत तशीच, आणि आई दर भाऊबीजेला ताट मांडून वाट बघायची.

मी दुर्बीण लावली. रस्ता रिकामा! नवऱ्याला फोन केला तर साहेब अजून चौकात चहा पीत होते. शिवाय तेवढ्या अंतरावर धडधाकट डोळ्यांनाही ठिपक्यापुढे काही कळत नाही — आईला तर मोतीबिंदू.

"आई, कोणी नाही गं तिथे."

"तुले नसन दिसत," म्हणत तिने पाय धुवायला बादली भरून ठेवलीसुद्धा. मला तिची फार कीव आली.

दुपारी मामा आला. खरंच आला! दुपट्टा वगैरे काही नाही, खांदा मोकळा.

"सकाळी त घरीच होतो, जाऊ का नोको करत," तो म्हणाला. "बादली कोनासाठी भरली, बाई?"

"तुह्यासाठीच!" आई रडली, त्याच्यावर रागावली, मग पेटीतला दुपट्टा काढून त्याच्या खांद्यावर टाकला. ओवाळताना मीही रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाला. कडुलिंबापाशी पोचून थबकला आणि उलटा फिरला. मी दुर्बीण लावली... खांद्यावर गुलाबी दुपट्टा, डोकं उघडं. रडारडीत टोपी पुन्हा द्यायची राहिली होती!

मागे वळून पाहिलं तर आई टोपी घेऊन ओट्यावर उभी. साध्या डोळ्यांना मामा अजून ठिपकाच होता.

मी सगळं तपासलं, उत्तर अजून नाही. आईला विचारलं तर म्हणते, "दिसला म्हून सांगतलं. कसा दिसला, मले काय मालूम?" यंदा भाऊबीजेला मामा येणार आहे, टोपी घालून. मी खूश आहे.