चहापाणी

मी ॲम्ब्युलन्स चालवतो, त्यामुळं दवाखान्यातल्या पोस्टमार्टमच्या खोलीपाशी तिथं प्रेतं शिवणाऱ्या माणसाची माझी नेहमी गाठ पडायची. ‘पैसे’ हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. प्रेत बांधून झालं की तो हात धुवायचा, सदऱ्याला पुसायचा आणि रडणाऱ्यांतला त्यातल्या त्यात शांत माणूस हेरून हळूच म्हणायचा, “दादा, चहापाण्याचं बघा.” आवाज इतका मऊ, की माणूस रडता रडता खिशात हात घालायचा. मला त्याची किळस यायची. पण घरच्यांना तोंड बघवेल असं प्रेत शिवावं ते त्यानंच.

परवा माजलगावच्या रस्त्यावरून मी त्याच्याच थोरल्या पोराला आणलं. ट्रकनं उडवलेलं. पोस्टमार्टमला आत त्याच्या हाताखालचा माणूस होता. हा बाहेर, नातेवाइकांच्या जागी उभा. काम आटोपून तो माणूस मान खाली घालून निघाला, तेव्हा यानं त्याचा हात धरला आणि मुठीत नोट कोंबली.

“चहापाण्याला.”

“काका, तुमच्याकडून कसं घेऊ?”

“घे बे. तू न्हाई घेतलं, तर मी आजवर लोकायकडून घेतलं ते काय व्हतं?”